मदत हवी आहे: किब्बर ते करझोक, परांग ला ओलांडून. जुलै की ऑगस्टअखेर?

नमस्कार मंडळी,

यंदा आम्ही पाच जण स्पितीतल्या किब्बरहून परांग ला ही खिंड ओलांडून लडाखमधल्या त्सो मोरिरी तलावाच्या काठी, करझोकला चालत जायचं म्हणतोय. स्पिती आणि चांगथांगच्या (लडाखकडच्या उंच पठारावरच्या) लोकांची ही जुनी व्यापाराची वाट. किब्बर सोडलं की करझोकपर्यंत एकही कायमची वस्ती नाही. वाटेत भेटले तर चांगपा मेंढपाळांचे तंबू. याच एका गोष्टीसाठी ही वाट निवडली आणि याच गोष्टीची काळजीही वाटते. ज्यांनी ती केली आहे त्यांनी आमचा बेत जरा तपासून द्यावा.

सह्याद्रीत सगळ्यांचं भरपूर फिरणं झालं आहे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन केलेले रेंज ट्रेकही. पण चार हजार मीटरच्या वर सलग आठवडाभर मुक्काम कुणीच केलेला नाही. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आणि परांग ला साधारण ५,६०० मीटर, म्हणजे इथला दम तिथे किती पुरेल याची खात्री देता येत नाही. गटात माझे थोरले दीर आहेत, साठीला आलेले. चालण्यात ते आम्हा सगळ्यांना मागे टाकतात, पण त्यांच्याकडे बघूनच मी हा धागा काढला आहे.

जाताना मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे न जाता शिमला, रेकाँग पिओ, नाको, काझा असं जायचं ठरलंय. वेळ जास्त जातो, पण उंची हळूहळू वाढते. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती, हा नियम आम्ही पाळणार आहोत. काझा सुमारे ३,६५० आणि किब्बर ४,२०० च्या आसपास, म्हणून किब्बरला दोन रात्री धरल्यात. पुढचे मुक्काम दुमला, थलटक, बोरोगेन आणि मग खिंड.

आता खरा प्रश्न. खिंडीपलीकडे उंचीमुळे कुणाच्या फुफ्फुसात पाणी झालं तर करायचं काय? मुख्य उपाय म्हणजे तातडीने खाली उतरणं. पण मागे फिरायचं तर पुन्हा ५,६०० मीटर चढावं लागतं, आणि पुढे पारे छू नदीच्या खोऱ्यात दिवसभर चाललं तरी उंची फारशी कमी होत नाही. करझोकच साडेचार हजारांवर आहे, तिथून लेह आणखी दोनशे किलोमीटरच्या पुढे. मग परत फिरायचा निर्णय नेमका कुठे घ्यावा? एक राखीव दिवस आहे, तो सध्या शेवटी करझोकला ठेवलाय. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) आमच्या डॉक्टरांशी बोलून घेतेच आहे.

दुसरा प्रश्न तारखांचा. गणपती सप्टेंबरच्या मध्यावर आहेत, त्याआधी घरी पोचायचं आहे. जुलैच्या मध्याला खिंडीच्या उत्तरेकडच्या हिमनदीवर बर्फ किती असतो? ऑगस्टअखेर गेलो तर नोरबू सुमदोला पारे छू ओलांडता येईल एवढं पाणी उतरलेलं असतं का?

सामानाला खेचरं किंवा घोडे घेणार आहोत. त्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे छोटा कुकर घेतेय. तुरीला फाटा देऊन मसूर आणि मूगडाळ, शिवाय भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ. यात काही वाढवायचं असेल तर सांगा.

प्रतिसाद १:

ताई, ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरा. जुलैत हिवाळ्यातल्या उरलेल्या बर्फाखाली हिमनदीतल्या भेगा झाकलेल्या असतात. ऑगस्टअखेर बराच बर्फ वितळून त्या दिसू लागतात. तरी दोर न्याच, आणि घोडेवाला जिथून जनावरं नेईल तिथूनच चाला.

पारे छूचं पाणी रात्री उतरतं, दुपारी वितळून वाढतं. म्हणून आदल्या संध्याकाळी काठावर मुक्काम करून पहाटेच्या थंडीतच पलीकडे जायचं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, घसरलात तर सॅक चटकन टाकता आली पाहिजे. अनवाणी उतरू नका, दगड धारदार आहेत आणि पाय क्षणात बधिर होतात. जुने बूट किंवा पट्ट्यांचे सँडल घाला. पाणी गढूळ आणि आवाज मोठा असेल तर त्या दिवशी नदी ओलांडायची नाही. हे गटात आधीच ठरवून टाका, काठावर उभं राहून वाद नको.

राखीव दिवस करझोकला कशाला? तिथे पोचल्यावर तो काय कामाचा? तो थलटकला वापरा. निर्णयाची जागा बोरोगेन. तिथे सकाळी कुणाची डोकेदुखी गोळीने उतरत नसेल, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर त्या माणसाला एका सोबत्याबरोबर खाली पाठवा. त्यासाठी एक जास्तीचा माणूस आणि एक घोडा आधीपासून हिशोबात धरा. खर्च वाढतो, पण त्याशिवाय या वाटेला जाऊ नका असंच मी म्हणेन. दीरांना खास वेगळं वागवायची गरज नाही. विरळ हवेचा त्रास वय बघून होत नाही, तरुण आणि दणकट माणसं घाई करतात म्हणून जास्त सापडतात.

उपग्रह फोन न्यायचा विचार असेल तर सोडा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो आपल्याकडे बेकायदा आहे, उपग्रहावर चालणारं संदेशयंत्रही त्यातच आलं. त्याऐवजी करझोकला कधी पोचणार ती तारीख काझात आणि लेहला, दोन्हीकडे लिहून ठेवा. वाट सरहद्दीजवळून जाते, तेव्हा परवान्याचं काझाच्या एडीसी (अतिरिक्त उपायुक्त) कार्यालयात विचारा आणि ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. थलटकला दोन रात्री करते, आणि जास्तीच्या माणसाचं आजच किब्बरला फोन करून विचारते. गटातल्या दोघांना खर्च पटायला वेळ लागेल, पण हा प्रतिसाद त्यांना वाचायला देतेय.

एक राहिलं. प्राणवायूचं सिलिंडर काझात भाड्याने मिळतं, की शिमल्याहूनच न्यावं लागेल? आणि स्टोव्हसाठी रॉकेल तिथे मिळतं का? गॅसची डबडी विमानात आणि रेल्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे इंधनाचं अजून काहीच ठरलेलं नाही. गेल्या एक-दोन वर्षांत जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.