विनायट्रीकरणाचा ‘दर’ की ‘क्षमता’?

प्रश्न : सोलापूर भागातील काळ्या जमिनींवरच्या एका अहवालासाठी मी ‘सेंद्रिय कर्बावरून विनायट्रीकरणाचा दर वर्तवता येतो’ असे वाक्य लिहिले आहे. जिवाणूंमुळे नायट्रेटचे नायट्रस ऑक्साइड व नायट्रोजन वायूंत रूपांतर होते, ती क्रिया मला अभिप्रेत आहे. शेतकरी वाचकांसाठी ‘नत्र उडून जाणे’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : ‘विनायट्रीकरण’च ठेवावे. युरिया उघडा पडल्यावर त्यातून अमोनिया सुटतो, त्यालाही आपल्याकडे ‘नत्र उडाले’ असेच म्हणतात आणि चुनखडीच्या जमिनीत तो प्रकार अधिक परिचयाचा आहे. खरी अडचण ‘दर’ या शब्दाची आहे. प्रयोगशाळेत माती पाण्याने संपृक्त करून, प्राणवायू वगळून आणि नायट्रेट भरपूर देऊन जे मोजतात, ती क्षमता होय. शेतात प्रत्यक्ष घडते तो दर, आणि मातीची रंध्रे साधारण ६० टक्क्यांहून अधिक पाण्याने भरल्याशिवाय तो फारसा वाढत नाही. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. तिथे क्षमता कितीही असली तरी हंगामातील बहुतेक दिवस दर नगण्यच राहणार, उजनीच्या पाण्यावरील तुंबलेल्या उसाच्या रानाची गोष्ट वेगळी. ‘सेंद्रिय कर्ब’ हा शब्दही इथे मोघमच वाटतो. बर्फर्ड व ब्रेम्नर या मृदाशास्त्रज्ञांना १९७५ मध्ये क्षमतेचा एकूण सेंद्रिय कर्बाशी ०.७७ इतका सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) आढळला, तर पाण्यात विरघळणाऱ्या कर्बाशी तो ०.९९ इतका होता. म्हणून कोणता कर्ब, हे विशेषण लावून सांगावे.

पुरवणी : ‘वर्तवता येतो’ हेही जपून वापरावे. ही मापे फार विषम असतात, म्हणजे बहुतेक लहान आणि मोजकीच फार मोठी. पार्किन या संशोधकांना १९८७ मध्ये मातीच्या एका नमुन्यातील ८५ टक्के विनायट्रीकरण अवघ्या ०.०८ ग्रॅम वजनाच्या पानाच्या तुकड्यापाशी सापडले होते. त्यामुळे बहुधा मापांचे लघुगणक (लॉग) घेऊनच समाश्रयण (एका मापावरून दुसरे काढण्याचे सूत्र बसवणे, रिग्रेशन) करतात, आणि उत्तर मूळ मापात परत आणले की हाती येतो तो मध्यकाजवळचा (चढत्या क्रमातील मधल्या मापाजवळचा) आकडा, जो सरासरीपेक्षा कमी असतो. त्याला मराठीत सरसकट ‘सरासरी दर’ म्हटले, तर हेक्टरी नत्रहानीचा हिशेब कमी भरेल. अहवालातील एकक तपासावे : ‘प्रति किलो माती’ असेल तर बहुधा क्षमता, ‘प्रति हेक्टर प्रति दिवस’ असेल तर दर.

प्रश्नकर्ता : एकक ‘प्रति किलो माती’च आहे. वाक्य आता असे केले आहे : ‘मातीतील एकूण सेंद्रिय कर्बावरून तिच्या विनायट्रीकरणक्षमतेचा ढोबळ अंदाज बांधता येतो.’