नवी आक्रमणपद्धत एका संघाला तारते आणि दुसऱ्याला बुडवते, असे का?

प्रश्न:
अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील दोन संघांचा २०१९ चा हंगाम शेजारी ठेवला की मला कोडे पडते. जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संघाने प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांची अकरा हंगाम चाललेली ट्रिपल ऑप्शन पद्धत (चेंडू घेऊन धावण्याच्या तीन पर्यायांतून ऐनवेळी एक निवडणारी) सोडून स्प्रेड पद्धत (खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरवून पासला वाव देणारी) स्वीकारली आणि आदल्या वर्षी सात सामने जिंकलेला हा संघ तीन विजय व नऊ पराभवांवर घसरला. त्याच वर्षी एलएसयूनेही (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आपले आक्रमण बदलले, परंतु त्यांनी पंधराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारे खेळाडू, जो बरो यांचे टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास तर १६ वरून थेट ६० वर गेले. दोन्हीकडे पद्धत नवीनच होती, मग एवढी तफावत कशामुळे पडली असावी?

पहिले उत्तर:
आपण क्वार्टरबॅककडे पाहत आहात. माझ्या मते पाहायला हवे ते लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या रांगेत उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्यांच्या, पायांकडे. ट्रिपल ऑप्शनमध्ये लाइनमन शरीराचा भार हातांवर टाकून पुढे झुकलेला असतो, कारण त्याला चेंडू सुटताक्षणी पुढे झेपावून समोरच्याला खाली पाडायचे असते. पासच्या संरक्षणात याच्या नेमके उलट करावे लागते: मागे सरायचे, गुडघे वाकवून तोल राखायचा आणि समोरचा अंगावर येईपर्यंत थांबायचे. वर्षानुवर्षे अंगात मुरलेली पुढे झेपावण्याची सवय फळ्यावर आकृत्या काढून जात नाही. त्यातच ऑप्शनसाठी निवडलेले लाइनमन तुलनेने हलके व चपळ असतात, आणि वजन वाढवायलाही वेळ लागतोच. शिवाय जॉन्सन यांच्या रचनेत टाइट एंड (रांगेच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही घेणारा) ही जागाच नव्हती, त्यामुळे त्या हंगामासाठी तो खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून आणावा लागला. दैवाचा खेळ असा की, त्याच हंगामात खालच्या श्रेणीतील द सिटाडेल या संघाने जॉर्जिया टेकला जादा वेळेत २७-२४ असे हरवले, आणि तेही ट्रिपल ऑप्शन खेळूनच!

दुसरे उत्तर:
वरील मुद्दा मान्य आहे, मात्र एलएसयूने जे केले त्याला मी पद्धत बदलणे म्हणणार नाही. मुख्य प्रशिक्षक एड ओर्जेरॉन आणि आक्रमणाचे समन्वयक स्टीव्ह एन्समिंगर हे दोघेही आपापल्या जागी होते. न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून आलेल्या जो ब्रेडी यांनी पासच्या खेळाची नवी मांडणी त्यात घातली. बरो यांचा तिथला तो दुसरा हंगाम होता आणि लाइनवरचे पाचही प्रमुख खेळाडू आदल्या वर्षीच्या संघातले होते. खरा बदल दिसला तो क्वार्टरबॅकचे संरक्षण बहुतेक वेळा या पाच जणांवरच सोपवून बाकीच्या पाचही जणांना पास घ्यायला धाडण्यात. क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर या रनिंग बॅकने (एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने) त्या हंगामात ५५ पास झेलले, ते यामुळेच. लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) त्याच्यामागे बाजूला ओढला गेला की मधली जागा मोकळी पडत असे. अर्थात, दडपण आले तर चेंडू कुठे टाकायचा हे क्वार्टरबॅकला आधीच ठाऊक असल्याशिवाय हे धाडस परवडत नाही.

तिसरे उत्तर:
वेळेचा हिशेबही विसरू नये. नियमानुसार वसंत ऋतूत केवळ १५ सराव सत्रे मिळतात आणि हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. मिशिगन विद्यापीठाने २००८ मध्ये नवे प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांच्याबरोबर स्प्रेड आणली, तेव्हा अनुभवी क्वार्टरबॅक चॅड हेनी पदवी घेऊन गेले होते आणि दुसरे क्वार्टरबॅक रायन मॅलेट यांनी संघ बदलला होता. निकाल पुन्हा ३-९. याच रचनेत क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सन यांनी २०१० मध्ये १,७०२ यार्ड धाव काढली. म्हणजे पद्धत वाईट नव्हती, ती चालवणारा माणूस यायला तीन वर्षे लागली. तोवर बचाव इतका खिळखिळा झाला होता की त्या हंगामानंतर प्रशिक्षकांनाच जावे लागले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. यापुढे नव्या प्रशिक्षकाचा पहिला सामना पाहताना चेंडूपेक्षा टॅकलच्या (लाइनच्या कडेच्या लाइनमनच्या) पहिल्या पावलाकडे अधिक लक्ष देईन. मात्र आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (खेळाडूंना विद्यापीठ बदलण्याची सोय देणाऱ्या व्यवस्थेमुळे) रचनेला साजेसे खेळाडू दोन हंगामांच्या मधल्या काळात गोळा करता येतात. अशा वेळी मिशिगनसारखी तीन वर्षांची वाट पाहण्याची वेळ कोणावर येईल का?

दुसरे उत्तर देणारे:
क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर (पास झेलणारे) तसे मिळतील. पण एकमेकांशेजारी कधीच न खेळलेले पाच लाइनमन एका उन्हाळ्यात जुळतील, असे मला वाटत नाही.