सीडी प्लेअरचं क्लॉक बदलून आवाज सुधारतो का?

जवारी: जुन्या सीडी प्लेअरमधला १६.९३४४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, म्हणजे प्लेअरला ठोका देणारं क्लॉक, काढून नवं क्लॉक बोर्ड बसवलं, वेगळ्या पॉवर सप्लायसकट. तानपुरा आता असा घुमतो की विचारू नका. कोथरूडला या, ऐकवतो. चहाही देईन.

पेठकर: चहा देताय म्हणजे काहीतरी बदललंय खरं! पण तुलना कशाशी केलीत? आठवणीशीच ना? क्लॉक ५० पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत ५० ठोक्यांनी, चुकलं तरी पट्टी अर्ध्या स्वराच्या हजाराव्या भागाइतकीही सरकत नाही.

जवारी: पट्टीचं कोण बोलतंय? प्रश्न ठोक्याठोक्यातल्या थरथरीचा आहे, जिटरचा. सीडीत सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने. नमुन्याची १६ बिटांची अचूकता २० किलोहर्ट्‌झपर्यंत शाबूत ठेवायची तर थरथर साधारण १२० पिकोसेकंदांच्या (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग) आत हवी.

पेठकर: हे गणित पूर्ण ताकदीच्या २० किलोहर्ट्‌झ सुराचं. तानपुऱ्यात तो कुठून आणणार? आणि आपल्या वयाला १२ किलोहर्ट्‌झ ऐकू आले तरी पेढे वाटावेत. २००५ साली जपानी संशोधकांनी तयार कानांच्या श्रोत्यांवर, त्यांच्या सोयीच्या ठिकाणी प्रयोग केला. संगीतातला अनियमित जिटर काहीशे नॅनोसेकंद झाला तेव्हा कुठे ओळखू आला. नॅनो म्हणजे पिकोच्या हजारपट.

सोल्डरवाला: दुरुस्तीची कामं करतो म्हणून विचारतो, साहेब, बोर्ड बसवताना कपॅसिटरही बदललेत का? जुन्या प्लेअरमध्ये ते सुकलेले असतात, मग श्रेय क्लॉकला कसं द्यायचं? पेठकर, तुम्हीही सरसकट बोलू नका. कोअ‍ॅक्सियल केबलने बाहेरचा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डबा, जोडला की तो येणाऱ्या सिग्नलमधूनच क्लॉक काढतो. साधा डॅक असेल तर तिथली थरथर मोजणीच्या यंत्रावर दिसते. कानाला कळते का, ते वेगळं. असिंक्रोनस यूएसबीत मात्र डॅकचं स्वतःचंच क्लॉक चालतं, तिथे कॉम्प्युटरचं बदलून उपयोग नाही. तापकीर गल्लीत पार्ट घ्यायला गेलो की कुणीतरी रुबिडियमच्या अणु-क्लॉकचं विचारतंच. अहो, ते महिनोन्‌महिने न सरकण्यासाठी असतं! स्टुडिओत चार यंत्रं एका तालात ठेवायला वर्ड क्लॉक लागतं, तेही निराळ्या कारणाने.

जवारी: कपॅसिटर बदलले. सहा.

पेठकर: आता सांगताय! जुना क्रिस्टल फेकला नसेल तर सोल्डरवाल्यांकडून दोन्हींमध्ये स्विच लावून घ्या. वहिनींना पडद्यामागे बसवू, आपल्याला न सांगता दहा वेळा बदलू दे.

जवारी: क्रिस्टल आहे डबीत. रविवारी या, पण सकाळी सहाला. नंतर कर्वे रस्त्याच्या हॉर्नपुढे तानपुराच ऐकू येत नाही.