उत्तर: रत्नागिरीतून एका दिवसात मंदिरं आणि कातळशिल्पं, खासगी गाइड घेऊन

सकाळी कर्णेश्वर मंदिर, दुपारी कातळशिल्पं (उघड्या खडकावर कोरलेली प्राचीन चित्रं) असा क्रम कुणी सुचवला असेल, तर तो उलटा करा. कातळावरच्या रेषा उथळ असतात, डोक्यावरच्या उन्हात सावली पडत नाही आणि समोर कोरलेला हत्तीसुद्धा दिसत नाही. म्हणून सकाळी लवकर कशेळी: कनकादित्य हे सूर्यमंदिर आणि सड्यावर (उघड्या कातळी पठारावर) कोरलेला भला मोठा हत्ती. दुपारी संगमेश्वरजवळच्या कसब्याचं कर्णेश्वर. छताचं कोरीवकाम पाहायला टॉर्च हवाच. परतताना उन्हं कलल्यावर उक्षीचं कातळशिल्प.

गाइडशी आधीच ठरवा: गाडी, जेवण, थांबे धरून किती? तो स्थानिक असलेला बरा, सड्यावर पाट्या दिसतीलच असं नाही. फोटोसाठी रेषांत खडू भरणारा असेल तर सरळ नको म्हणा. पावसाळ्यानंतर गवत वाळेपर्यंत थांबा.