ग्रेड २ ची मूळव्याध आणि क्लोपिडोग्रेल चालू: बँड, इंजेक्शन की लेझर?

रानवाट: वडील ५२ वर्षांचे. शौचाच्या शेवटी लाल रक्ताचे थेंब पडतात, कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. प्रॉक्टोस्कोपीत (गुदद्वारातून नळी घालून केलेली तपासणी) ग्रेड २. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमुळे (जाळीदार नळी) क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चालू आहे. एक सर्जन बँड म्हणतात, दुसरे थेट लेझर. भरती न होता काय करता येईल?

शल्यकक्ष: ग्रेड २ ला एरवी बँडच करतात. डेंटेट रेषेच्या (गुदमार्गातली सीमा, जिच्या खाली वेदना कळते) निदान १ सेंटीमीटर वर, कोंबाच्या मुळाशी रबरी कडं बसवतात. तिथे वेदना कळत नाही, म्हणून भूल लागत नाही. नंतर जडपणा, शौचाला आल्यासारखं वाटणं चालतं. पण बसवताक्षणी तीव्र कळ आली तर कडं खाली बसलंय. टेबलावरच सांगा, लगेच कापून काढतात. सूज चढल्यावर ते सापडत नाही.
अडचण गोळीची आहे. ५ ते १० दिवसांत कोंब सुकून गळतो, तिथे व्रण राहतो आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. तरी गोळी मनाने थांबवू नका! स्टेंट बंद पडणं मूळव्याधीपेक्षा कितीतरी भयंकर. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच.

साधासुई: अशा वेळी इंजेक्शन बरं. बदाम तेलातलं ५ टक्के फिनॉल, दर कोंबाच्या मुळाशी अस्तराखाली ३ ते ५ मिली. सुई फार वरवर राहिली तर जागा पांढरीफटक पडून व्रण होतो. पुरुषांत पुढच्या बाजूला खोल गेली तर प्रोस्टेटला इजा, लघवीतून रक्त. बदामाची ॲलर्जी असल्यास आधी सांगा. परिणाम बँडइतका टिकत नाही, पुन्हा घ्यावं लागू शकतं. लेझरला बहुधा भूल लागते. ग्रेड २ ला ती घाई नको.

भाकरीवाला: दोन गोष्टी राहिल्या. या वयात रक्त मूळव्याधीचंच आहे असं धरून चालू नका, कोलोनोस्कोपीबद्दल (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) विचारा, हिमोग्लोबिनही बघा. आणि खडा होत राहिला, कुंथणं सुटलं नाही, तर काहीही केलं तरी कोंब परत येतात. रात्री इसबगोल २ चमचे, पेलाभर पाण्यात. पाणी कमी पडलं की उलट खडाच होतो. बाकीच्या गोळ्यांपासून २ तासांचं अंतर ठेवा. संडासात मोबाईल नेऊ नका, ५ मिनिटांत उठा.

शल्यकक्ष: बरोबर. आणि कुठल्याही उपचारानंतर ताप, वाढत जाणारी वेदना, लघवी अडणं असं काही झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. ही आत संसर्ग झाल्याची लक्षणं असू शकतात. असा संसर्ग क्वचित होतो, पण जिवावर बेततो.