वकिलीच्या कार्यालयासाठी ऑपरेटिंग सिस्टीम: सुरक्षितता आणि ताबा दोन्ही हवे आहेत

प्रश्न : सिव्हिललाइन्सकर

नमस्कार. मी नागपुरात वकिली करतो. कार्यालयातील दोन्ही डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे आहेत. त्यांवरील विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ त्यांवर अधिकृतपणे चालत नाही. पक्षकारांची कागदपत्रे सुरक्षित राहावीत, पण यंत्रावर काय चालावे आणि कोणती माहिती बाहेर जावी हे मीच ठरवावे, अशी माझी अपेक्षा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : वर्धारोड

वकीलसाहेब, आधी एक ठरवा : कागदपत्रे नेमकी कोणापासून जपायची आहेत? विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केल्यास बहुतेक नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि तिची रिकव्हरी की (ती उघडण्याची राखीव किल्ली) त्याच खात्यात साठवली जाते. चोराने यंत्र उचलून नेले तर ही सोय पुरेशी आहे. पण किल्लीची एक प्रत कंपनीकडे राहते, आणि आपला आक्षेप बहुधा नेमका तिथेच असेल. डेबियन या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय निवडला तर परवलीचे वाक्य फक्त आपल्याकडे असते. ते विसरलात तर जगात कोणीही डिस्क उघडून देणार नाही, म्हणून ते लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार आहे.

उत्तर : रामदासपेठ_७

डेबियनला माझा विरोध नाही, पण लिनक्स बसवले म्हणजे सुरक्षित झालो, ही समजूत काढून टाकावी. आपल्या खात्यातून चालणारा साधा प्रोग्रॅम त्या खात्याच्या जवळपास सगळ्या फायली वाचू शकतो, आणि पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ प्रणालीच्या सत्रात तर एका प्रोग्रॅमला दुसऱ्यात टंकलेली अक्षरेही टिपता येतात. त्यामुळे तिच्या जागी आलेल्या वेलँडचे सत्रच वापरावे. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये एसई-लिनक्स (प्रोग्रॅमांवर जादा निर्बंध घालणारी सुरक्षा यंत्रणा) सुरुवातीपासून चालू असते, ही जमेची बाजू आहे. परंतु फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिनेच सांभाळली जाते, आणि कार्यालयात दरवर्षी अपग्रेड कोण करणार?

एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या लिनक्सवरील साधनाचे मार्च २०२४ मधील प्रकरण येथे आठवावे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर दुरून प्रवेश) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्यातून एक्सझेडमध्ये कोणीतरी लपवलेले चोरदार (बॅकडोअर, म्हणजे गुपचूप शिरण्याची वाट) उघडकीस आले. ते डेबियनच्या चाचणी शाखांत शिरले होते, स्थिर आवृत्तीत नव्हते. कार्यालयासाठी जुनेच बरे, ते यासाठी.

उत्तर : गोरेवाडा

क्युब्स ओएस या सुरक्षाकेंद्री ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून सांगतो. ती झेन हायपरव्हायजरवर (एका संगणकात अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीवर) प्रत्येक काम वेगळ्या आभासी यंत्रात चालवते. अनोळखी पीडीएफ एकदाच वापरून टाकायच्या आभासी यंत्रात उघडावी आणि बंद करावी, की ते यंत्रच नाहीसे होते. पण १६ जीबी रॅमची शिफारस आहे आणि क्लार्कला हे रोज वापरायला लावणे म्हणजे त्याला नोकरी सोडायला लावणे.

प्रश्नकर्ता : सिव्हिललाइन्सकर

सर्वांचे आभार. आमचे जुने मसुदे कृतिदेव फाँटमध्ये आहेत आणि ई-फायलिंगसाठी डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन लागते. त्यांचे काय होईल?

उत्तर : वर्धारोड

कृतिदेव युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत) नाही; रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणारा तो फाँट आहे. फाँटची फाइल बसवली की लिब्रेऑफिस या लिनक्सवरील मोफत ऑफिस प्रोग्रॅममध्ये मसुदे दिसतील, क्लार्कची बोटेही त्याच कळांवर पडतील; फक्त मराठीत शोध घेता येणार नाही, म्हणून नवे मसुदे युनिकोडमध्येच करावेत.

टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) निर्माता देतो का, हे आधी पाहा. देत नसेल, तर विंडोज ११ चालणारे एक साधे यंत्र केवळ फायलिंगसाठी ठेवा, त्यावर ई-मेल उघडू नका आणि मसुदा तयार झाल्यावरच त्यावर न्या. बाकी दोन्ही यंत्रांवर डेबियन बसवण्यापूर्वी जुन्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो उघडतो का, हे क्लार्ककडून तपासून घ्या.