मदत हवी आहे: उजनीची बातमी आणि घरचं पाणी

मंडळी, परवा टीव्हीवर आमच्या सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या उजनी धरणाचं हिरवंगार पाणी दाखवलं. तेच दृश्य दिवसभर, खाली लाल पट्टी. तेव्हापासून आईनं नळाचं पाणी बंद केलंय, घरी २० लिटरचा जार. हीच आई मेच्या भर दुपारी गच्चीवर पापड वाळवत बसते! उन्हाची बातमी म्हणजे नुसता आकडा, त्याला कोण भितंय?

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत येतं, हे खरंच. पण धरणातलं पाणी वेगळं आणि शुद्ध करून नळाला सोडलेलं वेगळं, हे बातमीत कुणी सांगितलं नाही. उकळल्यानं जंतू मरतात, जड धातू जात नाहीत, एवढंच मला कळतं.

सोलापुरात कुणी नळाचं पाणी तपासून घेतलंय का? कुठे, कोणत्या चाचण्या, खर्च किती? आणि तो रिपोर्ट आईला पटवायचा कसा?